गयाआत्याच्या काळ्या शेळ्या

गयाआत्या आली ती गवताच्या ट्रकमधून. त्या मोठ्या दुष्काळात आमच्या मावळातलं वाळलं गवत ट्रक भरभरून कोरड्या मुलखाकडे जायचं आणि ट्रक रिकामे परत यायचे. तसल्याच एका रिकाम्या ट्रकच्या हौद्यातून एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि पाच काळ्या शेळ्या घेऊन ती कार्ल्याच्या फाट्यावर उतरली. होळी दोन दिवसांवर होती. आम्ही पोरीबाळी रस्त्याकडेच्या टपरीपाशी गोवऱ्या गोळा करत होतो. ट्रकमधून एक उंच, उन्हानं करपलेली बाई उतरली, तिनं मागे वळून नुसतं "ये" म्हटलं, आणि पाचही शेळ्या एकामागोमाग धाडधाड उड्या टाकून डांबरावर उभ्या राहिल्या. मी तिला ओळखलं नाही. तिनं मात्र माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "तू आमच्या दादूची. नाक आमचंच हाय."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूळची ह्याच गावची. घाटात रेल्वेलाइनीच्या कामाला परांड्याकडचा एक पाथरवट गडी आला होता, त्याच्याशी तिचं लग्न झालं आणि ती त्याच्या मुलखात गेली. माझ्या जन्माच्या आधीची ही गोष्ट. मधल्या वीस-बावीस वर्षांत ती माहेरी दोनदा आली असेल. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, जमिनीचा तुकडा दिरानं आपल्या नावावर ओढला, आणि वर दुष्काळ. ती हे सगळं कधी एकत्र बसून सांगायची नाही. भाकरी थापताना एक तुकडा, शेळीच्या अंगावरची गोचीड काढताना दुसरा, असं मी ते जुळवलं.

आमचं घर बौद्धवाड्यात, डोंगराच्या पायथ्याशी, दोन खोल्यांचं. दादा, म्हणजे माझे वडील, लोणावळ्याला एका मुंबईकराच्या बंगल्यावर माळी होते. रोज सकाळी सायकलवरून जायचे, दिवेलागणीला परत यायचे. आई भाताच्या खाचरांत मजुरीला जायची. माझी शाळा आठवीनंतर सुटली होती. मला सोळावं लागलं होतं आणि माझ्यात काय शिरलं होतं कोण जाणे, मला एका जागी बसवायचं नाही. तांदूळ निवडता निवडता मी उठून दारात यायची, दारातून ओट्यावर, ओट्यावरून फाट्यापर्यंत. मोटारी इकडून तिकडे जायच्या. कुठं जातात हेही मला जाणून घ्यायचं नव्हतं. त्या जातात, एवढ्यानंच जीव वरखाली व्हायचा. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी हाय, हिला लवकर उजवा." त्याप्रमाणे शोध सुरूही झाला होता. शिरगावकडचं एक स्थळ दोन-तीनदा आमच्या घरी बोलण्यात आलं होतं. माझ्यासमोर कुणी काही बोलायचं नाही. मी आत गेले की आवाज बारीक व्हायचे.

अशा घरात आत्या आणि तिच्या शेळ्या आल्या, आणि मला आयतंच काम मिळालं. शेळ्या रानात न्यायच्या. आमच्याकडच्या शेळ्या बुटक्या, केसाळ, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या. ह्या पायांनी उंच, अंगानं आटोपशीर, कान लांब नि खाली पडलेले, केस आखूड आणि तेल लावल्यासारखे तकतकीत काळे. शेजारच्या पारूमावशी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ह्या काय शेळ्या म्हनायच्या? कोळशाच्या गोण्या उतरवल्यात जनू." त्यातली जी पुढे चालायची तिचं नाव आत्यानं पाटलीण ठेवलं होतं. ती खरोखरच गावच्या पाटलिणीसारखी मान वर करून चालायची, आणि आमच्या वाड्यात ते नाव मोठ्यानं घेऊन तिला हाकलताना आत्याच्या तोंडावर जे हसू यायचं, त्याचा अर्थ मला पुष्कळ पुढे कळला.

"ह्यांला चारा लागत न्हाई," आत्या मला सांगायची, "ह्यांला फकस्त मोकळीक लागती. जितं नजर पडंल तितं त्यांला खायाला घावतं." आणि ते खरंच होतं. आमच्या शेळ्या गवतात तोंड घालून पुढे सरकायच्या. ह्या मागच्या दोन पायांवर उभ्या राहून झाडाचा पाला ओढायच्या. करवंदीच्या जाळीतला पाला काटे चुकवून असा काढायच्या की मी बघत राहायची. भर चैत्राच्या उन्हात आमची जनावरं सावलीला धापा टाकत बसलेली असताना ह्या उघड्या डोंगरावर चरत असायच्या. पाणी दिवसातून एकदा, संध्याकाळी. दूध थोडंच, पण दाट. चहात घातलं की चहाला साय यायची. "बैल छावनीत दिलं, ते तितंच मेलं," आत्या सांगायची. "गाय दावनीला मेली. ह्या पाच ऱ्हायल्या. निवडुंगाचं काटं जाळून खायाला घालायची, बाभळीच्या शेंगा, लिंबाचा पाला. त्येवढ्यावर ह्या पाटलिनीनं दोन पिल्लं दिली आन् दोनीबी जगवली. येकच पिल्लू द्यायचं हिला म्हाईतच न्हाई." आतासुद्धा ती गाभण होती. तिकडच्याच बोकडाची, निघायच्या थोडंच आधी लागलेली.

अलीकडे नातवाबरोबर एका कृषी प्रदर्शनात गेले होते. तिथे गजांच्या आड अशाच दोन काळ्या शेळ्या बांधल्या होत्या आणि वर फलक: 'उस्मानाबादी'. खाली ओळीनं गुण लिहिलेले. काटक, दुष्काळात तग धरणारी, जुळी करडं देणारी, दोन वर्षांत तीन वेतं. नातू ते मोठ्यानं वाचत होता आणि मी मनात म्हणत होते, ह्यात एक राहिलंय. पावसाचं कुणी लिहिलं नाही. आत्यानं हे नाव कधी उच्चारलं नाही. ती फक्त 'आमच्याकडच्या' म्हणायची. आमच्याकडच्या म्हणजे कुठल्या, हा प्रश्न आमच्या घरात त्या पावसाळ्यात फार अवघड होऊन बसला.

कारण आत्या ह्याच गावची लेक असून पाऊस विसरली होती. खाणंही विसरली होती. आमच्या घरी दोन्ही वेळा भात, नाहीतर नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, पावसाळ्यात खाचरातले खेकडे. आत्याला भातानं समाधान व्हायचं नाही. "पोट भरतं, पन थांबत न्हाई," म्हणायची. रेशनवर तेव्हा परदेशातला लाल मिलो, ज्वारीसारखा, मिळायचा. आई तो नाक मुरडून आणायची. आत्या मात्र त्याच्या भाकरी थापायची, वर करडीच्या तेलाचे चार थेंब सोडायची आणि मिठाबरोबर खायची. तेलाची ती छोटी बाटली तिनं तिकडून आणली होती, कापडात गुंडाळून पेटीत ठेवायची. आई आणि ती भांडल्या कधी नाहीत. आई तिला "वन्सं" म्हणून मान द्यायची. पण दोघी चुलीपाशी असल्या की भांडी जरा जास्त वाजायची. आत्या घरात असली तरी बसलेली अशी दिसायची नाही. उभी, नाहीतर उकिडवी. जणू कुणी हाक मारली की लगेच निघायचं आहे.

आषाढ लागला आणि शेळ्यांनी खाणं सोडलं. कार्ल्याचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. आठ-आठ दिवस डोंगर दिसत नाही. सगळं घर ओलं. मीठ पाझरतं, आगपेटी पेटत नाही, भिंतींना बुरशी येते. आमच्या बुटक्या शेळ्या चुलीच्या मागे धुराला बसायच्या आणि पावसाळा काढायच्या. त्यांना ते जन्मापासूनचं. ह्या काळ्या मात्र भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. ओल्या जमिनीवर बसायच्याच नाहीत. पाय दुखेपर्यंत उभ्या, आणि मग पाय सडायला लागले. खुरांच्या बेचक्यात पांढरं व्हायचं, वास यायचा, लंगडायच्या. आत्यानं हळद लावली, चुन्याचं पाणी लावलं, माझ्याकडून डोंगरावरच्या वस्तीतून बांबू आणवून जमिनीपासून वीतभर उंच माच बांधला. त्यावर त्या बसल्या खऱ्या, पण ओला पाला खाऊन त्यांना हगवण लागली. एका सकाळी सगळ्यांत लहान शेळी माचावर ताठ पडलेली होती. आत्या रडली नाही. तिनं तिच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दुस्काळात जगली. हितं हिरवळीत मेली."

त्यानंतर दादांना तिची दया आली असावी. बंगल्याचे मालक पावसात कधी यायचे नाहीत. मोटारीची खोली रिकामी होती, खाली कोरडी फरशी होती. श्रावणाच्या तोंडाशी दादा स्वतःच म्हणाले, "आक्का, चार दिस तितं ठेवू शेळ्या. पाऊस उघडला की आनू." आम्ही दोघींनी त्या चार शेळ्या लोणावळ्यापर्यंत चालवत नेल्या. मी आणि आत्या तिथेच राहायचो, बाजूच्या माळ्याच्या खोलीत. कोरड्या फरशीवर चार दिवसांत त्यांचे पाय सुधारले, डोळ्यांत तेज आलं, आणि त्यांना भूक लागली. पाचव्या दिवशी दुपारी आत्या आणि मी कुणाकडे सुका पाला मिळतो का बघायला गेलो असताना पाटलिणीनं शिंगानं कडी उचलून दार उघडलं.

आम्ही परत आलो तेव्हा फाटकापाशी मोटार उभी होती. मालक मुंबईहून पाहुणे घेऊन अचानक आले होते. दादांनी बारा महिने राखलेली बाग पुढे होती. गुलाबाची बोडकी खोडं, डेलियाचे नुसते देठ, कुंड्या आडव्या, आणि मधोमध पाटलीण मागच्या पायांवर उभी राहून वेलाचं शेवटचं पान ओढत होती. दादा पावसात हात जोडून उभे होते. मालक ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "माळी, तुम्हाला बाग सांभाळायला ठेवलंय की शेळ्या?" पाहुण्यांतली एक बाई हसली. दादांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

रात्री शेळ्यांसकट घरी आलो, दादा जेवले. मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाले, "आक्का, आज माझी नोकरी जायाची राहिली. रविवारी आपल्या रत्नीला बघायला शिरगावची मानसं येणारेत. ह्या घरात आता काय व्हता कामा न्हाई. शेळ्या तरी इकून टाक."

"आन् न्हाई टाकल्या तर?" आत्यानं विचारलं.

"मंग तुझं तू बघ."

आई म्हणाली, "अहो!" पण तोवर ते बोलून झालं होतं. आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी उठलो तेव्हा माच रिकामा होता. पेटी तिथेच होती. वळकटी, काठी आणि शेळ्या नव्हत्या. दादा कामावर जायच्या घाईत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "जा गं, परत घेऊन ये तिला. लांब न्हाई गेली असायची. गाभन शेळी चालून चालून किती चालंल?" मी डोक्यावर इरलं घेतलं आणि निघाले. खरं सांगते, मला तिची काळजी होती, पण फाट्यावर येऊन डांबरावर पाय पडला तेव्हा जे वाटलं त्यात काळजीचा भाग थोडाच होता. मला पळावंसं वाटत होतं, आणि मी पळालेच.

कामशेतच्या अलीकडे ती दिसली. रस्त्याच्या कडेनं, पावसात, एका हातात काठी, डोक्यावर वळकटी. शेळ्या तिच्या पुढे ओळीनं. मी हाका मारत गेले. ती थांबली नाही, फक्त चाल हळू केली.

"आत्या, दादांनी बोलावलंय. चल घरी."

"बोलावलं न्हाई. पाठवलं तुला. दोनीत फरक हाय."

"पण तू जाणार कुठं? तिकडं तर तुझं कोणी नाही."

"तिकडं कशाला? मला कुनाकडं जायचं न्हाई," ती म्हणाली. "मला पावसाच्या भाईर जायचंय. ट्रकवाला बोलला व्हता येताना, तळेगावच्या म्होरं गेलं की पाऊस कमी, सोमाटण्याला बाभळी हायेत. मी बाभळीपातूर जाते. तू जा माघारी."

मी माघारी गेले नाही. तिच्याबरोबर चालत राहिले आणि स्वतःला सांगत राहिले, की कामशेतपर्यंत जाऊ, तोवर ती ऐकेल. कामशेतला एका भाताच्या गिरणीच्या शेडमध्ये आम्हाला कोंड्याच्या पोत्यांपाशी जागा मिळाली. आमच्या गावचा एक दूधवाला तिथे भेटला. त्याच्याबरोबर मी निरोप धाडला, की आत्याला घेऊन रविवारच्या आत येते. निरोप देताना तो खोटा आहे हे मला ठाऊक नव्हतं. पण दूधवाल्याची सायकल दिसेनाशी झाली तेव्हा मी सुटका झाल्यासारखा श्वास सोडला, तेही खरं.

शनिवारी वाटेतली खिंड ओलांडली, आणि जे झालं ते मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही. लोक म्हणतात मावळात पाऊस पडतो. पण मावळात सगळीकडे सारखा पडत नाही. मोटारीतून जाणाऱ्याला ते कळत नाही, चालणाऱ्याला पावलोपावली कळतं. खिंडीच्या अलीकडे सरीवर सर, इरल्याखाली बोललेलं ऐकू येत नव्हतं. पलीकडे उतरलो तशी सर बारीक झाली. कान्ह्याच्या पुढे नुसती भुरभुर. वडगाव आलं तेव्हा अंगावरचे कपडे वाऱ्यानं वाळायला लागले होते, आणि मागे वळून पाहिलं तर डोंगरावर काळा पडदा तसाच लोंबत होता, आम्ही त्याच्या बाहेर आलो होतो. शेळ्यांना ते आमच्याआधी कळलं. पाटलिणीनं उभ्या उभ्या अंग झाडलं, कान फडफडवले, आणि रस्ता सोडून कुंपणाच्या झुडपाला तोंड घातलं. बंगल्याची बाग सोडली तर दीड महिन्यांनी मी तिला आपणहून पाला ओढताना पाहिलं. आत्या मधोमध रस्त्यात उभी राहिली आणि तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला.

वडगावला एका ओळखीच्या घरच्या ओट्यावर रात्र काढली. रविवारी सकाळी मी एस. टी. स्टँडसमोर उभी होते. लोणावळ्याकडे जाणारी गाडी लागली होती. अर्ध्या-पाऊण तासात फाट्यावर पोचले असते, आंघोळ करून आईचं हिरवं लुगडं नेसून पाहुण्यांसमोर बसले असते. कंडक्टर दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. आत्यानं 'ये' म्हटलं असतं तर कदाचित मी घरी गेले असते; माझा स्वभाव तसा उलटा होता. ती नुसती शेळ्या हाकत पुढे निघाली. पाटलीण आज मागे पडत होती, कमरेपाशी खड्डे पडले होते, मधेच थांबून आपल्याच पोटाकडे वळून बघत होती. कंडक्टरनं घंटी दिली. मी पाटलिणीच्या मागे चालायला लागले.

तळेगाव मागे टाकलं, सोमाटण्याच्या फाट्याजवळ आलो, आणि दुपारी बाराच्या सुमाराला पाटलीण रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसली. बसली, उठली, खुरानं माती उकरली, परत बसली. तासभर असं चाललं. मग ती ओरडली. शेळी विताना ओरडते ते मी ऐकलेलं होतं. हे तसलं नव्हतं. आत्यानं मागे जाऊन पाहिलं. "डोकं आलंय, पाय येकच आलाय. दुसरा मागं मुडपलाय." तिनं आपले दोन्ही हात बघितले. आयुष्यभर दगड फोडून, काटे तोडून तिची बोटं जाड आणि वाकडी झाली होती, उजव्या तळव्याला चीर पडलेली. "माजा हात जायाचा न्हाई. तुजा दे."

"मला नाही येत."

"तुला न्हाई येत, मला येतं. मी सांगती, तू कर."

निघताना पेटीतून घेतलेली ती करडीच्या तेलाची बाटली तिनं वळकटीतून काढली आणि होतं तेवढं सगळं माझ्या हातावर कोपरापर्यंत ओतलं. मी रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले. बाजूनं मोटारी जात होत्या. आत्यानं पाटलिणीची मान आपल्या मांडीत धरली. "डोकं आधी आत ढकल. जोर नगं. ती कळ देईल तवा थांब, कळ गेली की ढकल." आत इतकं गरम असतं हे मला माहीत नव्हतं. बोटांना काय लागतंय तेच कळेना. "गुडघा घावला का?" "घावला." "त्याच्या खाली जा. खूर मुठीत धर, उघडं ठेवू नगस, न्हाईतर आत फाटंल. धरला? आता मूठ तशीच पुढं आन." कळ आली आणि माझं मनगट असं आवळलं, की हाड मोडतंय असं वाटलं. मी रडत होते. आत्या म्हणाली, "रड, पन मूठ सोडू नगस." मी सोडली नाही. कळ ओसरली, पाय पुढे आला, आणि पुढच्या कळेला ते करडू सगळंच्या सगळं माझ्या मांडीवर घसरलं.

ते हलत नव्हतं. आत्यानं त्याचं नाक-तोंड पदरानं पुसलं, मागचे पाय धरून त्याला दोनदा झोका दिला, छाती चोळली, नाकपुडीत गवताची काडी घातली. करडू शिंकलं. तेवढ्यात मागे दुसरं आपलं आपण बाहेर पडलंसुद्धा, कुणाची मदत न घेता. पाटलिणीनं मान वळवून दोघांना चाटायला सुरुवात केली. तासाभरात ती उठून उभी राहिली आणि तशीच, पाय थरथरत, बाभळीच्या खाली आलेल्या फांदीकडे तिनं तोंड वर केलं. मी तिथेच चिखलात बसून होते. तेलानं, रक्तानं हात माखलेले. कार्ल्याला त्या वेळी पाहुणे पोहे खात असतील हे मला आठवलं, आणि वाईट वाटायच्या ऐवजी मी मोठ्यानं हसले. आत्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं.

परंदवडीचे नामदेवभाऊ तिथून बैलगाडीनं चालले होते. वयस्कर, तुटक बोलणारे शेतकरी. गाडी थांबवून त्यांनी आधी करडं पाहिली. "दोन? आन् दोनीबी उभी?" मग शेळीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "कुटल्या तुमी?" आत्यानं गाव सांगितलं आणि न विचारता जातही सांगितली, पूर्वीचीही आणि आताचीही. ते थोडा वेळ बैलांच्या पाठीकडे बघत राहिले. "माज्या माळाच्या रानाला लेंडीखत पायजे," शेवटी म्हणाले. "शेळ्या तितं बसवा. राखन करा. खोपट घाला. गाडीत घ्या पिल्लांला."

मी हे चांगुलपण फुगवून सांगणार नाही. ते खोपट त्यांच्या घरापासून लांब, रानाच्या कडेला होतं, आणि पहिलं वर्षभर त्यांची बायको आमच्या कळशीत पाणी वरूनच ओतायची. पण जमीन मुरमाड होती, पाणी थांबत नव्हतं, बांधाला बाभळी होत्या. शेळ्या त्या रात्री जमिनीवर बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, पाय पसरून आडव्या झाल्या. मी मात्र जागीच होते. घरी काय झालं असेल, ह्याचाच हिशेब मांडत होते.

मंगळवारी दादा आले. कार्ल्यापासून सायकल मारत, विचारत विचारत. आम्ही दोघी खोपटाचं आढं चढवत होतो. नामदेवभाऊंनी दिलेलं सागाचं जुनं, जड लाकूड होतं. एक टोक आत्याच्या खांद्यावर, एक माझ्या, आणि मेढीच्या, म्हणजे उभ्या खांबाच्या, बेचक्यात ते काही केल्या बसत नव्हतं. दादा सायकल धरून उभे राहिले.

"पावनं दोन तास बसले," ते म्हणाले. "तुझ्या आईनं सांगितलं, पोरीला ताप आलाय. त्यांनी विचारलं, आत झोपलीय तर बघू द्या. मंग काय सांगायचं व्हतं मी?"

लाकूड माझ्या खांद्यावर होतं. ते खाली ठेवता येत नव्हतं, म्हणूनच कदाचित मला बोलता आलं. "सांगायचं, पोरगी म्हणते मला एवढ्यात लगीन करायचं नाही."

"हे तू मला घरी सांगायचंस."

"घरी मला कुणी विचारलं नाही, दादा."

ते माझ्यापाशी आले. मारतील असं वाटून मी डोळे मिटले, पण खांदा हलवला नाही. आत्या तिकडून म्हणाली, "दादू, पोरीला हात लावायचा न्हाई. बोलायचं ते मला बोल. मी नेली तिला."

"तू न्हाई नेलीस," दादा म्हणाले. "ही आपल्या पायानं गेली. मला म्हाईत हाय."

आढं आत्याच्या बाजूला कलत होतं. करडं सायकलच्या चाकापाशी जाऊन हुंगत होती. दादांनी त्यांना पायानं बाजूला केलं, सायकल स्टँडवर लावली, टोपी काढून हँडलला अडकवली आणि आढ्याच्या मधोमध खाली आपला खांदा दिला. "उचला," म्हणाले. तिघांनी उचललं. लाकूड बेचक्यात बसलं. त्यांनी खिशातून सुतळी काढली, बंगल्यावर वेल बांधायला ठेवायचे ती, आणि दोन्ही टोकांना घट्ट गाठी मारल्या. गाठी ओढून पाहिल्या. खोपटाभोवती एक फेरी मारली.

पाणी दिलं तर घेतलं नाही. टोपी घातली, सायकल वळवली. कार्ल्याकडे आभाळ काळंच होतं. निघताना माझ्याकडे न बघता ते आत्याला म्हणाले, "दार पूर्वेला ठेव, आक्का. पाऊस आमच्याकडनं येतो."